अपांक्तेय

एक्सकम्युनिकेशन या शब्दासाठी मराठीत धर्मबहिष्कार, वाळीत टाकणे, चर्चमधून हकालपट्टी असे पर्याय चटकन सुचतात. वाचणाऱ्याला तिन्ही कळतात, आणि तिन्ही थोडे थोडे चुकतात. कॅथलिक चर्चच्या कायद्यात एकदा झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही. त्यामुळे ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती नसलेला करण्याची सोयच तिथे नाही. ही शिक्षा झालेला माणूस ख्रिस्तीच राहतो. आजच्या नियमांप्रमाणे तो रविवारी चर्चमध्ये येऊन बाकावर बसू शकतो, प्रवचन ऐकू शकतो. मिस्सेच्या, म्हणजे त्या उपासनेच्या, अखेरीस सगळे उठून पुढे जातात आणि पवित्र भाकर घेतात, तेव्हा मात्र त्याने जागेवरून उठायचे नाही.

शब्दाच्या पोटात नेमके हेच आहे. लॅटिन ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘कोम्युनियो’ म्हणजे सहभाग. या कोम्युनियोत ‘युनियन’ दडलेली आहे असे अनेकांना वाटते, पण तिचा इथे संबंध नाही. मूळ शब्द आहे ‘मुनुस’: कर्तव्य, देणे, भेट. जे देणे-घेणे चारचौघांचे मिळून असते ते ‘कोम्युनिस’. ज्याला या देण्यातून सूट मिळाली तो ‘इम्युनिस’; रोगप्रतिकारशक्तीसाठी डॉक्टर वापरतात तो इम्युनिटी शब्द त्याचाच. आणि शहराची कर्तव्ये जो अंगावर घेतो तो ‘म्युनिसेप्स’, ज्याच्यापासून आपल्या आजोबांची मुनशिपालटी आली. ख्रिस्ती लॅटिनमध्ये कोम्युनियोचा अर्थ आकसत एका ठिकाणी येऊन थांबला: येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून खायची भाकर आणि प्यायचा द्राक्षारस. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती याला सरळ प्रभुभोजन म्हणतात. एक्सकम्युनिकेशन म्हणजे त्या भोजनातून वगळणे.

मग यासाठी आपल्याकडे शब्द आहे, आणि तो फार जुना आहे: अपांक्तेय. पंक्तीत बसायला अपात्र. श्राद्धाच्या पंगतीला कोणाला बोलवू नये याची लांबलचक यादी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, तिथला हा शब्द. त्याचे कारण आणि कसोटी निराळी, पण शिक्षेची जागा तीच आहे, ताटाची. मला तरी एक्सकम्युनिकेटेड माणसासाठी याहून नेमका शब्द सापडलेला नाही. तो रूढ होणार नाही हेही दिसते आहे. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘अपांक्तेय’ कोण छापणार?

शिक्षा शब्दाहून बरीच जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने करिंथ या ग्रीक बंदरातल्या छोट्या ख्रिस्तमंडळीला पत्र लिहिले. तिथल्या एकाने वडिलांच्या बायकोशी संबंध ठेवला होता आणि मंडळी गप्प होती. पौलाची आज्ञा अशी की त्याला आपल्यातून दूर करा आणि अशा माणसाबरोबर जेवूसुद्धा नका. मत्तयाच्या शुभवर्तमानात याची पायरीवार रीत दिली आहे: आधी एकांतात समज द्यायची, मग दोन-तीन साक्षीदार घेऊन जायचे, मग सगळ्या मंडळीपुढे विषय काढायचा, आणि तरीही ऐकले नाही तर त्याला परका समजायचे. पोलीस, तुरुंग, दंड यांतले काहीच त्या लोकांच्या हातात नव्हते. हातात होते ते एक जेवण.

पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत या जेवणाभोवती चांगलीच यंत्रणा उभी राहिली. परगावी जाणारा ख्रिस्ती आपल्या बिशपचे पत्र बरोबर नेई; ते दाखवले की तिथल्या पंक्तीत जागा मिळे. कोणकोणत्या शहरांच्या बिशपांशी आपला सहभाग आहे त्यांची नावे उपासनेत मोठ्याने वाचली जात, आणि एखाद्याशी बिनसले की यादीतून नाव खोडले जाई. आशिया मायनरमध्ये तर पश्चात्ताप करणाऱ्यांच्या चार पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवरचे दाराबाहेर उभे राहून आत जाणाऱ्यांना रडत विनवत. दुसरीवरचे ओसरीतून वाचन ऐकत, तिसरीवरचे आत येऊन गुडघे टेकत. चौथीवरचे सगळ्यांबरोबर उभे राहत, पण भाकर त्यांना नसे. एकेका पायरीवर वर्षे जात. दारापासून ताटापर्यंतचे अंतर असे मोजूनमापून आखलेले होते.

अधिकार आला की त्याचा दुरुपयोग येतो, आणि चर्चला हे लवकर कळले. ३२५ साली निकाया येथे भरलेली परिषद ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या वादासाठी प्रसिद्ध आहे. पण तिचा पाचवा नियम या विषयाच्या दृष्टीने अधिक रोचक वाटतो. एका बिशपने बाहेर ठेवलेल्याला दुसऱ्याने आत घेऊ नये, असे तो सांगतो. लगेच पुढे म्हणतो की दर प्रांतात वर्षातून दोनदा बिशपांनी जमावे आणि कोणाला बिशपच्या कोत्या मनामुळे किंवा भांडकुदळपणामुळे तर बाहेर ठेवले नाही ना, याची तपासणी करावी. सतराशे वर्षांपूर्वीचे हे अपील न्यायालयच.

एक्सकम्युनिकेशनचा एक थोरला भाऊबंद आहे, अॅनाथेमा. त्याची कथा जास्त वळणांची. ग्रीक भाषेत ‘अनातिथेमी’ म्हणजे वर ठेवणे, उभारणे. देवळात नवस फेडायला टांगलेली ढाल, मांडलेली मूर्ती, वाहिलेले भांडे, हे सगळे अॅनाथेमा. देवाला दिलेली भेट. तीच वस्तू शाप कशी झाली?

उत्तर अलेक्झांड्रियात आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत तिथल्या ज्यूंनी आपल्या हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर केले. हिब्रूत ‘हेरेम’ असा शब्द होता: देवासाठी राखून ठेवलेले, म्हणून माणसाने स्पर्श न करायचे. युद्धात जिंकलेले एखादे शहर हेरेम ठरले की त्यातले काहीही घरी न्यायचे नाही, सगळे नष्ट करायचे. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहर असेच हेरेम होते, आणि तिथली लूट चोरणारा आखान दगडांखाली मेला. भाषांतरकारांनी ‘देवाला वाहिलेले’ या अर्थाने हेरेमला अॅनाथेमा हा प्रतिशब्द दिला. शब्द ग्रीक राहिला, अर्थ हिब्रू झाला. देवळातली भेट होती ती देवाच्या कोपात सापडलेली वस्तू बनली. पौलाने खोटी सुवार्ता सांगणाऱ्यासाठी हाच शब्द वापरला. मराठी बायबलमध्ये तिथे ‘शापभ्रष्ट’ असे भाषांतर आहे.

हेरेमची सख्खी भावंडे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ह-र-म या सेमिटिक धातूपासून अरबी ‘हराम’ आले, म्हणजे निषिद्ध. आणि ‘हरम’ आले, म्हणजे राखीव, पवित्र जागा. मक्केच्या मशिदीच्या नावात हा धातू आहे आणि सुलतानाच्या जनानखान्याच्या नावातही. आपण कोणाला हरामखोर म्हणतो तेव्हा चर्चच्या सर्वांत भयंकर शापाच्या चुलतभावाचा उच्चार करत असतो. ज्यू समाजात हेरेमचा अर्थ पुढे समाजाबाहेर ठेवण्याचा हुकूम असा झाला. २७ जुलै १६५६ रोजी अॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू मंडळीने ज्या तेवीस वर्षांच्या तरुणावर हा हुकूम बजावला, त्याचे नाव बारूख स्पिनोझा. तो हुकूम अजून कोणी मागे घेतलेला नाही. स्पिनोझाने भिंगे घासत आणि लिहीत उरलेले आयुष्य काढले.

मध्ययुगीन युरोपात हे दोन शब्द दोन पायऱ्या म्हणून वापरले जाऊ लागले. एक्सकम्युनिकेशन ही साधी शिक्षा, आणि अॅनाथेमा म्हणजे तीच शिक्षा पूर्ण थाटात. बिशप जांभळी वस्त्रे घालून बसे. भोवती बारा धर्मगुरू हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे राहत. हुकूम वाचून झाला की सगळे ‘तसेच होवो’ म्हणत मेणबत्त्या जमिनीवर आपटून विझवत. इंग्लंडमध्ये याला घंटा, पुस्तक आणि मेणबत्ती असे नावच पडले. बघणाऱ्यांच्या पोटात गोळा यावा हाच हेतू होता, आणि तो येत असणार.

शिक्षेचे रोजच्या जगण्यातले परिणाम एका लॅटिन ओळीत पाठ करून ठेवलेले असत. अशा माणसाशी पाच गोष्टी करायच्या नाहीत: बोलणे, प्रार्थना, नमस्कार, सहभाग आणि जेवण. शेवटचा शब्द ‘मेन्सा’, म्हणजे मेज. सुरुवातीला निषेध होता तो वेदीवरच्या भाकरीचा. आता घरातल्या भाकरीचाही झाला. जो संबंध ठेवेल तोही धाकट्या शिक्षेला पात्र. हे संसर्गासारखे पसरू लागले तेव्हा १०७८ मध्ये पोप सातव्या ग्रेगरीने बायको, मुले आणि नोकरचाकर यांना सूट दिली. नाहीतर शिक्षा झालेल्याच्या घरात चूलसुद्धा बेकायदा ठरत होती.

याच ग्रेगरीच्या नावाशी या हत्याराचा सर्वांत मोठा वापर जोडलेला आहे. बिशप कोणी नेमायचे, राजाने की पोपने, यावरून जर्मनीचा राजा चौथा हेन्री आणि ग्रेगरी यांचे फाटले. हेन्रीने पोपला पदावरून खाली उतरायला सांगितले. उत्तरादाखल फेब्रुवारी १०७६ मध्ये पोपने त्याला पंक्तीबाहेर केले आणि प्रजेची राजनिष्ठेची शपथ रद्द ठरवली. खरी धार या दुसऱ्या भागाला होती. सरंजामदारांना बंडासाठी कारण हवेच होते. त्यांनी हेन्रीला मुदत घातली की वर्षभरात शिक्षा उठवून घे, नाहीतर सिंहासन विसर.

हेन्री भर हिवाळ्यात बायको आणि लहान मुलासह आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. पोप तेव्हा कानोस्सा नावाच्या डोंगरी किल्ल्यात, तुस्कानीच्या काउंटेस माटिल्डाकडे होता. जानेवारी १०७७ च्या अखेरीस तीन दिवस राजा अनवाणी, लोकरीच्या साध्या कपड्यांत, किल्ल्याच्या दाराशी उभा राहिला. मला वाटते ग्रेगरी पेचात सापडला होता. राजकारण सांगत होते, याला आत घेऊ नकोस. पण दाराशी पश्चात्ताप करत उभ्या असलेल्याला नाकारायचे तर धर्मगुरू कशाचा? शेवटी माटिल्डा आणि क्लूनीचा मठाधिपती ह्यू यांनी मध्यस्थी केली. पोपने हेन्रीला क्षमा केली, मिस्सा झाली, आणि इतिवृत्तकार सांगतात की नंतर त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवले.

तीन दिवसांच्या थंडीत कोण जिंकले, याचा निकाल इतिहासकार अजून लावत बसले आहेत. हेन्रीचे राज्य वाचले. १०८० मध्ये त्याला पुन्हा बाहेर ठेवले गेले, पण या वेळी कोणी फारसे दचकले नाही. १०८४ मध्ये त्याने रोम घेतले, आणि ग्रेगरी पुढच्या वर्षी सालेर्नोत परागंदा अवस्थेत मेला. जर्मन भाषेत मात्र ‘कानोस्साला जाणे’ म्हणजे नाक मुठीत धरून शरण जाणे, हा वाक्प्रचार राहिला. १८७२ मध्ये कॅथलिक चर्चशी झगडताना बिस्मार्कने संसदेत बजावले की आम्ही कानोस्साला जाणार नाही. आठशे वर्षांपूर्वीची थंडी तेव्हाही त्यांना बोचत होती.

हत्यार वापरून वापरून बोथट होते याचा सर्वांत गमतीदार दाखला सम्राट दुसरा फ्रेडरिक. धर्मयुद्धाला निघायला उशीर लावला म्हणून पोपने त्याला बाहेर ठेवले. मग तो शिक्षा माथ्यावर असतानाच निघाला, म्हणून पोप आणखी चिडला. फ्रेडरिकने इजिप्तच्या सुलतानाशी बोलणी करून लढाईविना जेरुसलेम मिळवले आणि मार्च १२२९ मध्ये तिथल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये मुकुट घातला. शेकडो पुण्यवान सरदारांना जे जमले नव्हते ते एका अपांक्तेयाने करून दाखवले. जेरुसलेमच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाने, त्याबद्दल शहरावरच धार्मिक बंदी घातली.

आणखी खालच्या पातळीवर तर ही शिक्षा कर्जवसुलीसाठीही चालू लागली. १३२८ मध्ये पोपच्या तिजोरीचे देणे थकवले म्हणून डझनांनी बिशप आणि मठाधिपती एका दिवसात बाहेर ठेवले गेले. इंग्लंडमध्ये कोणी चाळीस दिवसांत शिक्षा उठवून घेतली नाही, तर बिशपच्या चिठ्ठीवरून राजाचा शेरीफ त्याला पकडून तुरुंगात टाकी. प्राणीही सुटले नाहीत. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डच्या चरित्रात एक कथा आहे: फ्रान्समध्ये फ्वान्यी येथे नव्या प्रार्थनागृहात माश्यांनी उच्छाद मांडला, तेव्हा बर्नार्ड म्हणाला की मी यांना एक्सकम्युनिकेट करतो, आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या माश्या फावड्याने काढाव्या लागल्या. माशी मुळात पंक्तीत होती कधी, हा प्रश्न चरित्रकाराला पडलेला नाही.

चर्चमधल्या शहाण्यांना हे दिसत नव्हते असे नाही. १४१८ मध्ये पोप पाचव्या मार्टिनने नियम केला की ज्यांचे नाव घेऊन जाहीर निवाडा झाला आहे अशांनाच, आणि धर्मगुरूवर उघड हात उचलणाऱ्यांना, टाळायचे. बाकीच्यांशी व्यवहार ठेवायला हरकत नाही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कबूलच केले की हे शस्त्र क्षुल्लक कारणांसाठी उपसले तर लोक त्याला भिण्याऐवजी तुच्छ मानतात. पण तोवर बराच उशीर झाला होता. पोपच्या धमकीचे पत्र मार्टिन ल्यूथरने डिसेंबर १५२० मध्ये विटेनबर्गच्या वेशीबाहेर जाळले. शिक्षेचा हुकूम पुढच्या महिन्यात निघाला, तेव्हा त्याच्यामागे नवी मंडळी उभी राहत होती. एका ताटावरून उठवले तर दुसरीकडे ताट मांडता येते, हे युरोपला उमगले होते. १५७० मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथवर काढलेला हुकूम तिला हलवू शकला नाही. उलट तिच्या राज्यातले कॅथलिक मात्र देशद्रोहाच्या संशयात सापडले. शिक्षा एकीला दिली आणि ती भोगली दुसऱ्यांनी.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चशी झालेली ताटातूटही अशाच कागदाची. १६ जुलै १०५४ रोजी पोपचा दूत हम्बर्टने कॉन्स्टॅन्टिनोपलच्या हागिया सोफियात ऐन उपासनेच्या वेळी वेदीवर हुकूम ठेवला आणि तो निघून गेला. पॅट्रिआर्क केरुलारियसने उलट अॅनाथेमा दिला. गंमत अशी की ज्या पोपचा हा दूत, तो एप्रिलमध्येच वारला होता. दोन्ही हुकूम रद्द व्हायला ७ डिसेंबर १९६५ उजाडले. पोप सहावा पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी ते एकाच दिवशी मागे घेतले. दोन्ही चर्चची वेदी मात्र त्यानंतरही एक झालेली नाही.

रशियात अॅनाथेमाला वेगळेच आयुष्य लाभले. उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी पाखंड्यांची नावे घेऊन शाप उच्चारण्याची रीत होती, आणि झारांच्या काळात त्या यादीत स्तेन्का राझिन, पुगाचोव्ह यांसारखे बंडखोरही शिरले. लिओ टॉलस्टॉयला अॅनाथेमा दिला असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. फेब्रुवारी १९०१ मध्ये पवित्र सिनॉडने, म्हणजे रशियन चर्चच्या सर्वोच्च मंडळाने, काढलेल्या पत्रकात तो शब्द जपून टाळला होता. टॉलस्टॉय स्वतःच चर्चपासून तुटला आहे, एवढीच नोंद त्यात होती. लोकांनी मात्र मधल्या सगळ्या छटा गाळून शापच ऐकला. पुढे रशियन बोलण्यात ‘अनाफेमा’ ही साधी शिवी झाली, जशी पोर्तुगीजमध्ये ‘एक्सकोमुंगादू’ झाली. एवढ्या थाटाचे शब्द शेवटी बाजारातल्या भांडणात उपयोगी पडतात.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२–६५) एकही अॅनाथेमा उच्चारला नाही, आणि १९८३ च्या कायद्यातून तो शब्दच गेला. एक्सकम्युनिकेशन राहिले, त्याला औषधी शिक्षा म्हणतात, म्हणजे सूड घेण्यासाठी नसून माणूस परतावा म्हणून दिलेली. काही कृत्ये केली की ती आपोआप लागू होते, कोणी निवाडा द्यावा लागत नाही: पवित्र भाकरीची विटंबना, पापनिवेदनात ऐकलेले उघड करणे, पोपच्या परवानगीवाचून बिशपची दीक्षा देणे. आणि मरणाच्या दारात असलेल्याला कोणताही धर्मगुरू त्यातून मोकळे करू शकतो. आपल्या शेजारी श्रीलंकेत धर्मगुरू तिस्सा बालसूर्य यांच्यावर मरियेविषयीच्या त्यांच्या पुस्तकावरून जानेवारी १९९७ मध्ये ही शिक्षा जाहीर झाली, आणि वर्षभरानंतर समझोता होऊन उठली. औषध म्हणून ते लागू पडले असे रोम म्हणेल. बालसूर्यांनी काय म्हटले असते ते वेगळे.

महाराष्ट्राला ताटावरच्या शिक्षेचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. पेशवाईपासून तिला ग्रामण्य म्हणत. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. बोलावण्यामागे असलेल्या गोपाळराव जोशींनी नावे ‘पुणेवैभव’मध्ये छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले आणि सुधारकांचे बोल खाल्ले. मिशनचे यजमान अँग्लिकन संन्यासी होते. प्यालाभर चहासाठी पाहुण्यांवर कोणते संकट आले, हे समजायला त्यांना त्यांच्याच चर्चचा इतिहास पुरेसा होता.

नंतर हा लॅटिन शब्द मुंबईच्या कायद्यात शिरला, तो चर्चच्या संदर्भात नव्हे. १९४९ च्या मुंबई बहिष्कार प्रतिबंधक कायद्याच्या इंग्रजी नावातच एक्सकम्युनिकेशन होते, आणि कोणत्याही जमातीने सदस्याला बाहेर काढून त्याचे हक्क हिरावणे तो अवैध ठरवत होता. दाऊदी बोहरांचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. हा आपल्या धर्माच्या शिस्तीचा भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने कायदा घटनाबाह्य ठरवला. वेगळे पडले ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. प्रार्थनास्थळ आणि दफनभूमीही बंद झालेला माणूस आपल्या जमातीत अस्पृश्यच होतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे वाद पुन्हा तिथेच: वेदीवरची भाकर नाकारण्याचा हक्क मंडळीला असेल, पण घरातली, दुकानातली, स्मशानातली जागाही त्याच हुकमाने जाते का?

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. जात पंचायतींना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि १९४९ चा कायदा त्यानेच रद्द केला. १९६२ च्या निकालाविरुद्ध बोहरा समाजातल्या सुधारकांनी १९८६ मध्ये केलेली याचिका मात्र चालूच राहिली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी त्या निकालाचा फेरविचार व्हायला हवा असे म्हणून ती नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली.